पायाला बांधलेल्या फळ्या

सहलीला जाण्यापेक्षा सहल आखण्यात अधिक मौज असते, असे माझे जुने मत आहे. प्रत्यक्ष सहलीत पाय दुखतात, चहा पचपचीत मिळतो आणि शेजारच्या माणसाचे घोरणे रात्रभर ऐकावे लागते. आखलेल्या सहलीत यातले काही नसते. नकाशावर बोट ठेवले, की गाडी वेळेवर सुटते. म्हणून आम्ही चार मित्र गेले वर्षभर मेढ्यात बसून बर्फावर घसरण्याची सहल आखत आहोत, याचे तुम्हाला फारसे नवल वाटू नये.

मेढ्याचा आणि बर्फाचा संबंध तसा दूरचाच. आमच्या गावावरून वाहणारी वेण्णा महाबळेश्वरात उगम पावते. तिथे वेण्णा तलावाच्या काठी एखाद्या कडाक्याच्या पहाटे गवतावरचे दव गोठते. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात त्याचे छायाचित्र येते. पण ते गोठलेले दव नऊच्या उन्हाला उरलेले नसते. आमच्या वाट्याचे बर्फ एवढेच. बाकीचे जत्रेतल्या गोळेवाल्याकडे, गोणपाटात गुंडाळलेले.

हे खूळ आमच्या डोक्यात भरवले मास्तरांनी. २०२२ साली बीजिंगला हिवाळी ऑलिंपिक झाले, तेव्हा भारताकडून एकच खेळाडू उतरला होता: गुलमर्गचा आरिफ खान, बर्फावरून घसरत येणारा. मास्तरांनी ते वर्गात सांगितले आणि संध्याकाळी आम्हालाही सांगितले. त्याआधी २०१८ साली मनालीजवळची आंचल ठाकूर तुर्कस्तानातून याच खेळाचे कांस्यपदक घेऊन आली होती. "एवढ्या हिमालयाचा देश," मास्तर म्हणाले, "आणि आपण बर्फ पाहतो तो फक्त उसाच्या रसात!" त्यावर शेठ म्हणाले, "मग जाऊ या की." शेठ किराणा विकतात, त्यांच्या तोंडून 'जाऊ या' हा शब्द आला, की आम्ही तो ताबडतोब वहीत लिहून घेतो.

माझ्या आईला हे कळले तेव्हा ती म्हणाली, "अरे, पायाला फळ्या बांधून घसरायला एवढे लांब कशाला जायचे? पावसाळ्यात केळघरच्या घाटात फुकट घसरता येते." तिचे निम्मे तरी बरोबर होते. 'स्की' हा मुळात नॉर्वेकडचा शब्द आणि त्याचा जुना अर्थ चिरलेल्या लाकडाची फळी असाच आहे. तिकडची माणसे हौसेसाठी घसरू लागण्याच्या कितीतरी आधीपासून शिकारीसाठी आणि शेजारच्या गावी जाण्यासाठी या फळ्या बांधत आली.

जागा ठरवताना तीन नावे निघाली. गुलमर्गचे बर्फ उत्तम आणि तिथे शिकवणारी सरकारी संस्थाही आहे. पण साताऱ्याहून श्रीनगर गाठायचे म्हणजे भाड्यातच निम्मी पुंजी जायची. औली सुंदर, पण ऋषिकेशपासून जोशीमठापर्यंत अडीचशे किलोमीटर डोंगराचा रस्ता, आणि जानेवारी २०२३ मध्ये त्याच जोशीमठात घरांना तडे गेले, माणसांना घरे सोडावी लागली. तिथे मौजेखातर जायला आमचे मन घेईना. राहिली मनालीजवळची सोलंग दरी. दिल्लीहून संध्याकाळी बसमध्ये बसले, की सकाळी मनाली. मनालीच्या पर्वतारोहण संस्थेचा वर्ग स्वस्त आणि शिस्तीचा खरा, पण तो चौदा दिवसांचा. चौदा दिवस दुकान बंद ठेवले, तर परत आल्यावर गिऱ्हाईक ओळख दाखवणार नाही, असे शेठ म्हणाले.

मुहूर्त संक्रांतीनंतरचा काढला. नाताळात मनालीला गर्दी उसळते, खोल्यांचे भाव चढतात आणि बर्फाचा मात्र भरवसा नसतो. मध्य जानेवारी ते फेब्रुवारीअखेर बर्फ बरे आणि भाव उतरलेले. शिवाय पुढे लग्नसराई लागते. ती आमच्या चौथ्या मित्राला, शिंप्याला, सोडून चालत नाही.

मग शेठनी हिशेब मांडला. साताऱ्याला गोवा एक्सप्रेस पकडायची, दिल्लीपर्यंत एक दिवस आणि वर काही तास, पुढे बस. नऊ दिवसांची सहल. त्यातले सहा जाण्यायेण्यात आणि थकवा घालवण्यात, तीन बर्फावर. "तीन दिवसांच्या मालाला सहा दिवसांचे भाडे!" शेठ हळहळले. विमानाने दोन-तीन दिवस वाचले असते. पण तिकिटाचा आकडा मोठ्याने वाचल्यावर खोलीत थोडा वेळ कोणी बोलले नाही.

त्या शांततेत शिंपी उठला. "तुम्ही जाऊन या," तो म्हणाला, "माझे गुडघे नाहीत घसरण्याजोगे." हाच मनुष्य आषाढात आमच्याबरोबर भिजत केळघरचा घाट चढतो. त्याचे गुडघे उत्तम आहेत, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होते. तयार कपड्यांची दुकाने झाल्यापासून त्याच्या मशिनचा आवाज कमी झाला आहे, हेही ठाऊक होते. पण अशा वेळी 'तुझे पैसे आम्ही भरतो' म्हणणे सोपे आणि ऐकणे फार कठीण. आम्ही कोणीच ते म्हटले नाही.

रात्री मी घरी हे सांगितले. बायको म्हणाली, "अहो, एकदम बारा हजार काढायला सांगितलेत, तर कोण काढील? आमच्या बचत गटात बायका वर्षभर थोडेथोडे टाकतात. तुम्ही पुरुष मात्र पाकिटातून सगळे एकाच दिवशी काढायला बघता." दुसऱ्या दिवशी आम्ही भिशी सुरू केली. गेल्या संक्रांतीपासून दरमहा प्रत्येकी हजार रुपये. सर्वांचा हप्ता सारखा, डबा शेठकडे. विमान गेले, आगगाडी आली. चौघांत एक खोली ठरली. शिंप्याचे गुडघे एका रात्रीत बरे झाले.

तेव्हापासून स्वस्त म्हणजे काय, यावर माझा बराच विचार झाला आहे. काही गोष्टी आपण पैशांऐवजी वेळ देऊन घेतो, काही घाम गाळून, काही सोय सोडून. ती खरी काटकसर. पण काही गोष्टी स्वस्त झाल्यासारख्या वाटतात आणि त्यांचे पैसे दुसराच कोणी भरतो. शेठनी आधी शिकवणाऱ्याची फी काटली होती. "घसरायचे तर आहे; त्यात शिकायचे काय?" मास्तर या एका मुद्द्यावर अडून बसले. नवशिक्याला चढायला आधी शिकावे लागते, आडवे आडवे, एकेक फळी उचलत. पडायचे ते कुशीवर. फळ्यांची पुढची टोके जवळ आणि मागची दूर ठेवली, की वेग आवरतो. या पहिल्या धड्याला तिकडे नांगराचेच नाव आहे. "नांगर धरायचा असेल तर जमेल," शेठ म्हणाले. त्यांचे घर मूळ शेतकऱ्याचे. फी पुन्हा वहीत चढली. ती वाचवली असती, तर हाडवैद्याकडे भरावी लागली असती.

फी राहिली, पण दोरगाडीची तिकिटे गेली. पहिले तीन दिवस आम्हाला पुरेल तो उतार आमच्या शाळेच्या मैदानाएवढा. उंच शिखरावर जाऊन नवशिक्याने करायचे काय? बूट आणि फळ्या तिथे भाड्याने. बुटात बोटे टेकावीत पण चेपू नयेत आणि टाच उचलू नये. त्यात घासाघीस करायची नाही, असा ठराव झाला. सुती कपडा भिजला की अंगाची ऊब घेतो, लोकर ओलीसुद्धा ऊब धरते. म्हणून घरोघरच्या लोकरी बंड्या आणि माकडटोप्या निघाल्या. वरून पाणी न शिरणाऱ्या विजारी हव्यात. त्या शिंपी शिवतो आहे. तो मजुरी घ्यायला तयार नव्हता, शेठनी दुकानदारी आवाजात त्याला बजावले, "मित्राकडून फुकट शिवून घेतलेली विजार उतारावर फाटते." त्याने मजुरी घेतली आणि त्याच महिन्याचा हप्ता त्यातून भरला.

सध्या दिवाळी आहे. डब्यात दहा हप्ते जमले आहेत. रोज पहाटे आम्ही चौघे तालमीच्या ओट्यावर बैठका मारतो, कारण या खेळात सगळा भार मांड्यांवर येतो. मास्तर साठावर पोचले आहेत, शेठ बाविसावर. बर्फ कमी पडले तर २०२० साली खुल्या झालेल्या नऊ किलोमीटरच्या अटल बोगद्यातून पलीकडे लाहौलात उतरायचे, हेही वहीत लिहिले आहे. फराळाच्या ताटाभोवती आता वाटेच्या शिदोरीवर वाद चालू आहे. भडंग आणि शेंगदाण्याची चटणी एकमताने मंजूर, चिवड्यावर मतभेद.

काल शिंप्याने चारही विजारी आणून दाखवल्या. काळ्या, जाड, गुडघ्यावर दुहेरी कापड लावलेल्या. शेठनी विचारले, "गुडघ्यावर दुहेरी का रे?" तो हसला आणि म्हणाला, "पडणार आहोतच ना सगळे?"