फ्लॅपचा आवाज

लो साइड ३५, हाय साइड २२०. रिटर्नचा पाइप हाताला झोंबेल इतका गार. आणि तरी जाळीतून येणारा वारा कोमट. ज्यानं कधी गाडीच्या एसीला गेज लावलाय त्याला हे नुसतं वाचूनही वैताग येईल. गॅस लीक असेल तर शोधता येतो. कंप्रेसर जाणार असेल तर आठ दिवस आधीपासून कुरकुरतो. कंडेन्सरमध्ये आपल्या जतची मुरमाड धूळ बसली असेल तर पाण्याचा फवारा मारला की काटा खाली येतो. पण बॉनेटखाली सगळं ठाकठीक आणि आत बसलेला माणूस घामाघूम, म्हणजे भानगड डॅशच्या आत. तिथं डोळा पोचत नाही.

डॅशमधले, वाऱ्याची वाट बदलणारे बाकीचे फ्लॅप मला कधी फार जड गेले नाहीत. मला छळलं ते गार-गरमच्या फ्लॅपनं. त्याच्या एका बाजूला कूलिंग कॉइल, दुसऱ्या बाजूला हीटर. जतमध्ये हीटर लावतो कोण? डिसेंबरातही काच वर केली की भागतं. पण लावा न लावा, बहुतेक गाड्यांत इंजिनचं ऐंशी-नव्वद अंशाचं पाणी त्या हीटरमधून चोवीस तास फिरत असतं, आणि त्याला अडवून धरायला असतो एक प्लॅस्टिकचा पडदा आणि त्याच्या कडेला डकवलेला फोम. आपल्याकडं गाड्या उन्हातच उभ्या राहतात. बेदाण्याच्या शेडपुढं, डाळिंबाच्या बागेत, यल्लमादेवीच्या जत्रेत, कुठंही. डॅश भाजून निघतो, काही वर्षांत फोमचं पीठ होतं. जाळीतून मांडीवर काळे कण पडायला लागले की ओळखावं. मग कडेच्या बोटभर फटीतून हीटरचा वारा गार वाऱ्यात मिसळतो, आणि गिऱ्हाईक म्हणतं, गॅस संपलाय वाटतं.

काहीजण यावर सोपा इलाज करतात. हीटरचे दोन्ही होज काढून एकमेकांना जोडून टाकतात. हीटरच बाद! मला हे पटत नाही. ज्या विजापूर-गुहागर रस्त्यावर आपलं गाव आहे, तोच रस्ता पुढं कुंभार्ली घाट उतरतो. जुलैत त्या घाटात काचेवर धुकं धरलं म्हणजे हीटरची किंमत कळते. उमदीतनं निघालेला माणूस चिपळूणला जाणारच नाही, असं धरून गाडी दुरुस्त करता येत नाही.

तर हा फ्लॅप मी कानानं ओळखायचो. इंजिन बंद, चावी ऑन, ब्लोअर शून्यावर. नॉब पूर्ण गरमकडं न्यायचा, मग परत गारकडं. आतली मोटर किरकिरत जाते आणि शेवटी फ्लॅप जागेवर बसतो. फोम शाबूत असेल तर 'थप'. फोम झडला असेल, प्लॅस्टिकवर प्लॅस्टिक आपटत असेल, तर 'टक'. लिव्हरच तुटली असेल तर काहीच नाही, मोटर एकटीच फिरून थांबते. यात सोपं काय असेल तर ते 'काहीच नाही'. थप आणि टक वेगळे करायला माझी कितीतरी वर्षं गेली, कारण प्रत्येक गाडीचा डॅश वेगळा, आणि एकीचा थप दुसरीच्या टकसारखा लागतो.

आणि हे आधी ओळखण्याला मोल आहे. डॅश उतरवणं म्हणजे अख्खा दिवस. स्टिअरिंग काढा, एअरबॅगचा कनेक्टर जपा, क्लिपा मोडू देऊ नका. कितीही जपून केलं तरी डॅश परत बसवल्यावर खड्ड्यात कुठंतरी कुरकुर करतोच, आणि तो दोष कायमचा मिस्त्रीच्या नावावर लागतो. म्हणून 'डॅश न उघडता सांगणारा' अशी जी माझी ख्याती कवठेमहांकाळपर्यंत गेली, ती मी जपली. जपली म्हणजे मिरवली. गाडीत बसून मी डोळे मिटून ऐकायचो. डोळे मिटायची काही गरज नव्हती, उघड्या डोळ्यांनीही तेवढंच ऐकू येतं. पण गिऱ्हाईक काचेतून बघत असायचं.

गेल्या उन्हाळ्यात सगळ्या गाड्या थप म्हणायला लागल्या.

मिरजेला जाऊन कान तपासून घेतले. कागदावर दोन रेषा आल्या, बऱ्यापैकी सपाट चालत येऊन ४००० हर्ट्झच्या आसपास खाली कोसळलेल्या. गोंगाटात काम करणाऱ्यांचे कान पहिल्यांदा तिथंच जातात म्हणे. आमच्या कामात ग्राइंडर आहे, एअरगन आहे, नायट्रोजन सोडतानाची ती शिट्टी आहे. कानात कापूस घालणाऱ्याला आम्ही हसत आलो. जाड आवाज मला अजून नीट येतात, माणसाचं बोलणंही कळतं. पण थप आणि टक यांच्यातला फरक असतो तो आवाजाच्या बारीक टोकाला, आणि नेमकं तेच टोक गेलं. लीकची बारीक फिस्सही गेली, पण तिथं साबणाचं पाणी आहे. फ्लॅपला साबण लावता येत नाही.

माझ्याकडं एक पोरगा आहे, संखकडचा. घरी कानडी, माझ्याशी मराठी. आयटीआय करून आलाय. एका सात सीटर गाडीत आम्ही दोघं बसलो होतो.

"मामा, टक म्हणतंय की."

"थप आहे."

"टक हाय मामा. हात लावून बघा."

हात लावला. हाताला दोन्ही सारखेच. तो आणखी वाद घालत बसला नाही. बॉनेट उघडून त्यानं हीटरचा होज क्लॅम्पनं आवळला, जाळीत थर्मामीटर खोचला आणि इंजिन चालू करून गप्प उभा राहिला. बाहेर ऊन ४० च्या पुढं. थोड्या वेळानं काटा १९ वरून उतरत ९ वर आला. मालक मागच्या सीटवर बसला होता, त्याच्याच तोंडून निघालं, "तण्णगाय्तु!" होज आवळल्यावर वारा गार झाला, म्हणजे हीटरचा वारा गळत होता. बोलायला जागाच उरली नाही.

ही परीक्षा मीच त्याला शिकवलेली. पण मी ती शेवटी करायचो, आपला निकाल सांगून झाल्यावर, शिक्कामोर्तब म्हणून. तो ती आधी करतो. बाहेरच्या हवेचा फ्लॅप नीट मिटतो का बघायला त्यानं दुकानातल्या गणपतीपुढची उदबत्ती उचलून वायपरखालच्या जाळीपाशी धरली. नॉब 'आतली हवा'वर असताना धूर आत ओढला गेला, म्हणजे फ्लॅप उघडा. हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. मला राग आला तो याचा, की कान लागतच नाहीत. मग मी इतकी वर्षं काय कमावलं?

स्कॅनरवाल्यांना मी आजवर हसत आलो, तो हक्क मात्र अजून शाबूत आहे. स्कॅनर लावला की पडद्यावर फ्लॅप 'पूर्ण गार' दाखवतो. तो फ्लॅपला नाही, मोटरला विचारतो. मोटरची पिन तुटलेली असली तरी ती इमानदारीत फिरते आणि पोचलो म्हणून सांगते. त्यावर विश्वास ठेवून नवी मोटर घालतात, नवी मोटरही तेच सांगते.

आणि गॅस भरणारे! ४० अंशाच्या दुपारी उभ्या गाडीला घड्याळं लावली तर दोन्ही काटे १३० च्या आसपास येऊन थांबतात. गॅस पुरता असो की निम्मा, आत थोडा द्रव शिल्लक असेपर्यंत काटा तिथंच. तो बघून 'गॅस बरोबर आहे' म्हणणारे आहेत आणि तोच बघून 'कमी आहे' म्हणणारेही आहेत. छोट्या गाडीत चार-साडेचारशे ग्रॅमचा खेळ, पण वजनकाटा कोण काढतो? एकानं तर स्वयंपाकाचा गॅस भरलेली गाडी माझ्याकडं आली होती. गार होते, मस्त गार होते. डॅशच्या आतली कॉइल फुटली तर तोच गॅस केबिनमध्ये, आणि मालकाच्या ओठात विडी.

खरं तर गॅसचं एवढं कौतुक करण्यात अर्थ नाही. १९८७ च्या माँट्रियल करारानं आर-१२ घालवला, १३४ए आला, त्याबरोबर तेल बदललं, ओ-रिंगा बदलल्या. २०१६ च्या किगाली करारानं आता १३४एचेही दिवस भरत आलेत, परदेशात नव्या गाड्यांत १२३४वायएफ येऊन जुना झाला. तीन गॅस झाले, पण गार-गरमच्या मधे अजून तोच प्लॅस्टिकचा पडदा आणि तोच दोन रुपयांचा फोम. या फोमवर कुणी करार का करत नाही?

सध्या आमची एक खूण ठरली आहे. मी आत बसतो, डोळे मिटतो. पोरगा दार उघडं धरून उभा असतो. फ्लॅप बसला की तो बॉनेटवर बोटानं वाजवतो, एकदा म्हणजे थप, दोनदा म्हणजे टक. मग मी डोळे उघडून निकाल सांगतो. गिऱ्हाईक मान डोलावतं. खूण पोराचीच कल्पना; मी नको म्हटलं नाही.

१ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या ट्रकना केबिनमध्ये एसी सक्तीचा झाला, तेव्हापासून त्याचं लक्ष तिकडं आहे. डाळिंबाचे, द्राक्षांचे ट्रक आपल्या रस्त्यावरूनच जातात. नवे जुने होतील तसं काम येणार, हा त्याचा हिशेब बरोबर आहे. परवा म्हणाला, "मामा, सांगलीला जाऊन ट्रकच्या केबिनचं काम शिकून येऊ का, चार-सहा महिने?"

"जा की," म्हटलं, "शिकायलाच पाहिजे." आणि संध्याकाळी त्याचा पगार वाढवला. कशाबद्दल, असं त्यानं विचारलं. महागाई किती वाढलीय बघतोस ना, म्हटलं.

"बरं मामा," म्हणाला, आणि जाता जाता बॉनेटवर बोटानं दोनदा वाजवलं.