कानातला रातकिडा

दुखण्यांतही मानाची आणि बिनमानाची अशी दोन घराणी आहेत. पाय मोडला की प्लास्टर चढते, येणारा-जाणारा खुर्ची पुढे सरकवतो. ताप आला तर शेजारून मऊ भाताचे पातेले येते. पण कानात सारखे काहीतरी वाजते म्हणून सांगून पाहा! ऐकणारा तुमच्या कानाकडे निरखून पाहतो, त्याला तिथे काही दिसत नाही, आणि तो विचारतो, "मग? ऐकू तर येतं ना?"

ऐकू येते, हीच तर पंचाईत आहे.

गेली दहा-एक वर्षे माझ्या कानात एक रातकिडा बिऱ्हाड करून आहे. यवतमाळच्या दत्त चौकातल्या गलबल्यात तो दडून बसतो. रात्री गाव निजले की सूर लावतो. याचे आपल्याकडचे नाव कर्णनाद. सुश्रुतसंहितेत कानाचे 28 रोग मोजले आहेत. त्यांत कर्णनाद निराळा आणि बाधिर्य निराळे. डॉक्टरांनी मला एका निवांत बंद खोलीत बसवून बारीक बारीक सूर ऐकवले आणि आलेख हाती दिला. सगळे ठिपके 25 डेसिबलच्या आत! "कान उत्तम आहेत," ते म्हणाले.

"मग मी बोलते ते कळत कसं नाही?" बायकोने विचारले. प्रश्न मला नव्हता, आलेखाला होता.

त्याचे उत्तर असे की, ती तपासणी निवांत खोलीत सूर ऐकू येतो की नाही एवढेच पाहते; आणि आमच्या घरात निवांत खोली नाही. कुकर, दूरदर्शन आणि तीन पाहुणे यांच्यामधून शब्द वेचावा लागतो. 'ताप', 'साप', 'थाप', 'काप' या शब्दांतला 'आ' चांगला धट्टाकट्टा. पण अर्थ ठरवणारे पहिले अक्षर नाजूक आणि क्षणात विरणारे. बाळूला ताप आला की बाळूकडे साप आला, हे मला पुढच्या वाक्यावरून ताडावे लागते. तोवर मंडळी तिसऱ्या विषयावर गेलेली असतात.

2019 च्या जानेवारीत आमच्या गावी 92 वे मराठी साहित्य संमेलन भरले. अध्यक्षा अरुणा ढेरे यांचे भाषण मला नीट समजले: बोलणारी व्यक्ती एक, आणि सगळे गप्प. पण बाहेर पुस्तकांच्या गर्दीत जुना मित्र भेटला, आणि त्याच्या चार वाक्यांतली दोन गर्दीने खाल्ली.

असे का व्हावे? 2009 साली बोस्टनच्या शेरॉन कुजावा आणि चार्ल्स लिबरमन यांनी उंदरांना दोन तास मोठा आवाज ऐकवला. पुढे त्यांचे ऐकणे पूर्ववत झाले. पण कानातल्या पेशी आणि श्रवणतंतू यांचे सांधे मात्र पुष्कळसे कायमचे गेले होते. 2011 साली लंडनमध्ये कर्णनाद असूनही आलेख चांगला आलेल्या काही स्त्रिया तपासल्या, तेव्हा श्रवणतंतूतून निघणारा संदेश क्षीण आढळला. संशोधकांनी याला 'लपलेली श्रवणहानी' म्हटले. माणसाच्या बाबतीत हा वाद मिटलेला नाही. गोंगाटातल्या चाचणीत कर्णनादवाले कधी मागे पडतात, कधी इतरांच्या बरोबरीने उतरतात. दुसरा तर्क असा की मनाचा एक हिस्सा रातकिड्याच्या दिमतीला गुंतलेला असतो. मला तो पटतो, कारण संध्याकाळी मी ऐकून ऐकून दमलेला असतो.

या दुखण्यातला खरा सल मात्र आलेखात येत नाही. मी "काय म्हणालात?" असे तिसऱ्यांदा विचारले की समोरचा म्हणतो, "राहू द्या, काही नाही." माणूस एकाएकी बहिरा होत नाही, पण अशा शंभर 'काही नाहीं'नी तो घरात असून घराबाहेर पडतो.

म्हणून घरात आम्ही काही नेम केले आहेत. आधी नाव घ्यायचे, मग बोलायचे. तोंड उजेडाकडे ठेवायचे. ओरडायचे नाही, तेच वाक्य निराळ्या शब्दांत सांगायचे. (एकाच कानात आवाज असेल, नाडीच्या ठोक्याबरोबर वाजत असेल किंवा अचानक ऐकू येईनासे झाले, तर मात्र घरगुती नेमांवर न राहता तडक डॉक्टर गाठावा.)

मी मास्तर आहे. वर्गात साठ मुले, डोक्यावर खडखडणारे दोन पंखे, आणि शेवटच्या बाकावर एक मुलगी; आवाज अगदी सुपारीएवढा. मी दोनदा विचारले की "काही नाही, सर," म्हणून ती खाली बसायची. आता ती उभी राहिली की मी पंखे बंद करतो आणि तिच्या बाकापाशी जातो. यवतमाळच्या एप्रिलात पंखे बंद करणे म्हणजे बंडाळीला आमंत्रणच. पण पोरे गुपचूप घाम पुसत बसतात. तिचे उत्तर बहुतेक वेळा बरोबर असते. परवा चुकले, तेव्हा मागचा एक पोरगा म्हणाला, "सर, पंखे लावू नका, ती पुन्हा सांगते आहे."