निघण्यापूर्वीची निरवानिरव

बारामती,
ज्येष्ठ शुद्ध पंचमी

चि. भाचीस,

तुझे पत्र पावले. युगांडातील दूध-उत्पादकांच्या सहकारी संघांत काम करण्यासाठी संयुक्त राष्ट्रांच्या स्वयंसेवक योजनेतून तुझी निवड झाली, हे वाचून आनंद झाला. पत्राच्या अखेरीस बरोबर काय काय न्यावे, असे तू विचारले आहेस, त्याचे उत्तर थोडक्यात आटोपते. पीतज्वराची लस नेमून दिलेल्या केंद्रातच मिळते व तिचा दाखला टोचल्यापासून दहा दिवसांनी ग्राह्य धरला जातो, तेव्हा तिकिटाच्या आधी ती टोचून घे. पोलिसांचा निर्वेध दाखला आणि पदवीची कागदपत्रे यांच्या प्रती करून एक संच माझ्याकडे ठेव. कपडे बेताचेच ने. यापुढे लिहितो ते मागे काय ठेवून जावे याविषयी. कारण माझ्या मते निघण्याची खरी तयारी तीच आहे.

पूर्वी आपल्याकडे काशीयात्रेस निघणारा गृहस्थ परतण्याची शाश्वती नसल्यामुळे देण्याघेण्याचा फडशा पाडून, जमिनीजुमल्याची तजवीज लावून, भाऊबंदांचा निरोप घेऊन मगच उंबरठा ओलांडीत असे. हल्ली विमान एका दिवसात माणसाला परत आणते आणि दूरध्वनीवर मुखदर्शनही घडते, म्हणून ही निरवानिरव अनावश्यक झाली असे तरुणांना वाटू लागले आहे. परंतु इंदापूर तालुक्यातील आपले रान नीरा डाव्या कालव्याच्या शेपटाकडे आहे. तेथे आवर्तन सुटले की रात्री-अपरात्री पाण्याची पाळी धरावी लागते, कारखान्याकडे उसाची नोंद वेळेत करावी लागते, सोसायटीच्या कर्जाचे नवे-जुने मार्चअखेर उरकावे लागते, आणि ई-पीक पाहणीसाठी कोणाला तरी मोबाइल घेऊन बांधावर उभे राहावे लागते. एमआयडीसीतील दुग्धप्रकल्पात नोकरी सांभाळून दर रविवारी एसटीने गावी जाऊन आजवर ही कामे तू निमूटपणे करीत आलीस. तू गेल्यावर ती नाहीशी होणार नाहीत. केवळ तुझ्या आईच्या खांद्यावर जातील. तेव्हा तुला निर्वाहापुरता भत्ता मिळेल व तू वेतनाचा त्याग केलास असे लोक म्हणतील. पण त्या त्यागाचा मोठा हिस्सा जिच्याकडून वसूल होणार आहे, तिचे नाव कोणत्याही प्रशस्तिपत्रकावर येणार नाही. सेवेस निघणाऱ्याने हा हिशेब आधी स्वतःशी मांडावा, मग घरच्यांपुढे ठेवावा आणि त्यांची संमती मागावी, एवढेच मला सांगावयाचे आहे.

सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचे स्मरण या प्रसंगी होणे अपरिहार्य आहे. चीनवर जपानने आक्रमण केल्यावर राष्ट्रसभेने जे पाच डॉक्टरांचे पथक धाडले, त्यात नागपूरच्या डॉ. चोळकरांबरोबर हा अठ्ठावीस वर्षांचाही न झालेला तरुण होता. 1 सप्टेंबर 1938 रोजी मुंबईहून त्यांची बोट निघाली. पुढे पथकातील इतर सहकारी एकेक करून मायदेशी परतले. कोटणीसांना तिकडेच पित्याच्या निधनाची वार्ता मिळाली, तरी जखमी सैनिकांची शुश्रूषा सोडून ते आले नाहीत, आणि 9 डिसेंबर 1942 रोजी वयाच्या बत्तिसाव्या वर्षी त्याच भूमीत त्यांचा अंत झाला. व्ही. शांताराम यांच्या चित्रपटामुळे ही कथा घरोघरी पोहोचली आणि आपण तिच्यातून धैर्याचा धडा घेतला, तो योग्यच होता. मला मात्र वय वाढत गेले तसे त्या सोलापूरच्या घराचे अधिक मनात येऊ लागले आहे, ज्याने मुलाला जाऊ दिले आणि कर्ता पुरुष गेल्यानंतरही त्याच्यावाचून निभावून नेले. चीनने कोटणीसांचा जो गौरव केला, त्यात या घराचाही वाटा आहे असे मी मानतो.

दुसरी गोष्ट आपल्या तालुक्याची. परदेशी सेवकांनी यावे आणि आपण घ्यावे, असा काळ बारामतीनेही पाहिला आहे. ऑस्ट्रेलियन मिशनरी येथे दीर्घकाळ काम करीत होते, आणि दुष्काळी वर्षांत बाहेरून आलेले धान्य मजुरीदाखल देऊन जिरायत भागातील गावांत पाझर तलाव बांधले गेले. धान्य कोठून आले हे आज त्या गावांतील फार थोड्यांना ठाऊक असेल. पण तलाव कोणत्या आळीने खोदला हे म्हातारी माणसे बिनचूक सांगतात. पाहुण्याचे नाव मागे पडावे आणि काम गावाच्या मालकीचे व्हावे, याहून सेवेची उत्तम परिणती मला तरी दिसत नाही. म्हणून युगांडातील गवळ्याला दूध चार अंश तापमानापर्यंत थंड करण्याची यंत्रे चालवायला शिकवताना ती दुरुस्त करणारा तेथलाच मुलगा तयार झाला की नाही, याची खातरजमा करीत जा. लांब शिंगांच्या अंकोले गाई पाळणाऱ्या त्या लोकांना गुरांविषयी तुझ्यापेक्षा पुष्कळ अधिक कळते, हे ध्यानात असू दे. आणखी एक. आपल्याकडे 1972 चा दुष्काळ होता, त्याच वर्षी इदी अमीनने आशियाई लोकांना नव्वद दिवसांत तो देश सोडण्याचा हुकूम दिला. त्यापूर्वीची आपल्या लोकांची ओळख तेथे मुख्यतः व्यापारी व पेढीवाले अशी होती, आणि तिच्यात कटुताही मिसळलेली होती. तू कोण आहेस हे ते लोक काही काळ दुरून पाहतील. त्यांना तसे पाहू द्यावे व त्याचे वाईट वाटून घेऊ नये.

आता कामाचे. येत्या सोमवारी दुय्यम निबंधकाच्या कचेरीत मुखत्यारपत्र नोंदवू. मी मुखत्यार होण्यास राजी आहे. मात्र तत्पूर्वी शनिवारी गावी मुक्कामास ये, सातबारा, कर्जखाते व उसाच्या नोंदी आईपुढे पसर, आणि कोणते काम कोणाकडे जाईल ते तिच्या तोंडून ठरू दे. ती जेथे नाही म्हणेल तेथे तुझा बेत बदल. माझी सही तिच्या संमतीनंतरच होईल. जमिनीचा हिशेब मी दरमहा तिला वाचून दाखवीन, आणि तिकडच्या कामाचा हिशेब तूही तिलाच कळवावास, कारण दोन्ही कामांत भांडवल तिचेच गुंतलेले आहे.



तुझा
मामा