आम्ही आणि आपण

नेसरी हे गडहिंग्लज तालुक्यातले आमचे गाव. महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले २००० साली. त्या वर्षी आम्ही दुसरीत होतो, म्हणून हुकलो. आमची आणि इंग्रजीची गाठ पडली ती पाचवीतच. त्या उशिरा आलेल्या इंग्रजीच्या बळावर २०१८च्या ऑक्टोबरात आम्ही फ्रान्समधील क्लेरमाँ-फेराँ या शहरी, एका लिसेमध्ये, इंग्रजीचे साहाय्यक म्हणून रुजू झालो. ऑक्टोबर ते एप्रिल असे सात महिने, आठवड्याला बारा तास. साहाय्यकाने गुण द्यायचे नसतात, व्याकरण शिकवायचे नसते. अर्धा वर्ग घेऊन बसायचे आणि मुलांना बोलते करायचे.

पहिला महिना कागदांत गेला. खोली मिळण्यासाठी बँकेचे खाते हवे आणि खाते उघडण्यासाठी खोलीचा पत्ता हवा, हे चक्र ज्याने योजले त्याला आमच्या तालुक्याच्या कचेरीत सहज नोकरी मिळाली असती. आईने बांधून दिलेली चटणी (कोल्हापूरकडे चटणी म्हणजे कांदालसूण घातलेले लाल तिखट, हे बाहेरच्यांसाठी) नाताळापर्यंत पुरली. त्याबद्दल अधिक लिहिण्यासारखे नाही.

शहर मात्र अनोळखी वाटले नाही. तिथले कॅथीड्रल ज्वालामुखीच्या काळ्या दगडाचे आहे. आमच्या अंबाबाईच्या देवळाचा दगडही लाव्हाचाच. काळ्या दगडाच्या उंच इमारतीपाशी उभे राहिले की पावसाळ्यात कशी थंडी लागते, हे आम्हांला आधीच ठाऊक होते.

अडचण निराळीच होती. शिक्षकांच्या खोलीत सगळे एकमेकांना पहिल्या दिवसापासून ‘त्यु’ म्हणत, म्हणजे ‘तू’. साठीच्या उंबरठ्यावरच्या बाईंना ‘तू’ म्हणायला आमची जीभ वळेना. ‘व्हू’ म्हटले की त्या हसून दुरुस्त करीत. शेवटी आम्ही इंग्रजीचा आसरा घेतला. तिच्या ‘यू’मध्ये मान आणि सलगी दोन्ही झाकून जातात. पाचवीत जिची भीती वाटत होती, तीच भाषा परमुलखात आडोसा झाली. विद्यार्थ्यांना मात्र आमच्या इंग्रजीविषयी शंका असे. एकाने विचारलेच, “हे खरे इंग्रजी आहे का?” ध्वनिमुद्रणातला लंडनचा आवाज वेगळा होता, आमचे ‘व’ वेगळे होते. प्रश्न उद्धट नव्हता. तो आम्हीही स्वतःला अनेकदा विचारला होता.

विलास सारंग १९७४ ते १९७९ या काळात बसऱ्याच्या विद्यापीठात इंग्रजी शिकवीत होते. ‘एन्कीच्या राज्यात’ ही कादंबरी त्याच मुलखात घडते. कोल्हापुरात एम.ए. करताना आम्ही ती ‘अस्तित्ववादी’ म्हणून एका खणात घालून मोकळे झालो होतो. परक्या देशात, स्वतःची नसलेली भाषा, ती आपली मानण्याचे कारण नसलेल्यांना शिकवायची, ही त्यातली साधी नोकरीची गोष्ट तेव्हा दिसलीच नव्हती. (मालार्मेही लिसेमधून इंग्रजी शिकवूनच पोट भरीत असे आणि त्या कामाला विटलेला असे. ते कळल्यावर आम्हांला उगीच धीर आला.)

फेब्रुवारीत मुलांना आपापल्या गावाविषयी बोलायला सांगितले. आधी आम्ही बोललो. २४ फेब्रुवारी १६७४ रोजी सरनोबत प्रतापराव गुजर सहा स्वारांनिशी बहलोलखानाच्या फौजेवर तुटून पडले आणि सातही जण नेसरीपाशी कामी आले. उमराणीला खानाला सोडून दिल्याबद्दल महाराजांनी दिलेला ठपका त्यांच्या मनाला लागला होता. पुढे साडेतीन महिन्यांनी राज्याभिषेक झाला. तो पाहायला ते नव्हते. ‘वेड’ या शब्दापाशी आम्ही अडखळलो. कुसुमाग्रजांच्या कवितेमुळे तो शब्द आमच्याकडे गौरवाचा झाला आहे. इंग्रजीत जो शब्द सुचला तो वैद्यकाचा निघाला. “मागून सैन्य येईपर्यंत ते थांबले का नाहीत?” एका मुलाने विचारले. नेसरीच्या शाळेत हे कोणी विचारल्याचे आम्हांला आठवत नाही. आम्ही म्हणालो, “त्या दिवशी आम्ही हरलो.” मागच्या बाकावरून प्रश्न आला, “आम्ही म्हणजे कोण?”

उत्तर देण्याऐवजी आम्ही त्यांना त्यांच्या चौकातला घोडेस्वार विचारला. तो व्हेर्सिंजेतोरिक्स. इसवीसनपूर्व ५२मध्ये शहराजवळच्या जेर्गोव्हीला त्याने सीझरला मागे रेटले आणि त्याच वर्षी आलेझियाला शरणागती पत्करली. मुले उत्साहाने सांगू लागली, “आम्ही जिंकलो.” एक मुलगी मात्र “ते जिंकले” म्हणाली. तिचे आजोबा पोर्तुगालहून कामासाठी आलेले. या शहरात अशी घरे पुष्कळ आहेत. ‘आपले पूर्वज गॉल’ हे वाक्य फ्रान्सने एके काळी वसाहतींतल्या शाळांतही पोचवले होते, पण तिच्या घरी ते पोचलेले दिसले नाही. बाकीच्यांनी तिच्याकडे वळून पाहिले. ती खाली पाहू लागली.

आम्ही फळ्यावर देवनागरीत दोन शब्द लिहिले, ‘आम्ही’ आणि ‘आपण’. पहिल्यात ऐकणारा नसतो, दुसऱ्यात असतो. इंग्रजीला दोन्हींसाठी एकच शब्द पुरतो, असे सांगितले. तिने मान वर करून विचारले, “आमच्याशी बोलताना तुम्ही कोणता वापराल?”

“दुसरा,” आम्ही लगेच म्हणालो. मग आमचा करार ३० एप्रिलला संपतो हे आठवले. तिने मात्र तोवर तो शब्द वहीत उतरवायला घेतला होता. ‘ण’ काढताना तिचा हात दोनदा अडला.