गॅस जातो कुठे?

"अहो, दर वर्षी गाडीत गॅस भरून आणता, तो जातो तरी कुठे?"

काकूंनी हा प्रश्न भाजी निवडता निवडता अगदी सहज विचारला. पण काका निरुत्तर झाले. जबलपूरच्या व्हेइकल फॅक्टरीत त्यांची उभी हयात गेली होती. १९६९ साली सुरू झालेल्या या कारखान्यात सैन्यासाठी शक्तिमान ट्रक बनत. एखादा भाग बिघडला, तर तो का बिघडला हे आधी शोधायचे, हे काका तिथेच शिकले. घरच्या २००४ सालच्या मारुती ८०० च्या बाबतीत मात्र ते हा धडा विसरले होते. एसी गार करेनासा झाला की मिस्त्री गाठायचा, गॅस भरायचा आणि निश्चिंत व्हायचे. तीन उन्हाळे हेच चालले होते.

यंदा गोष्ट निराळी होती. नागपूरला दिलेल्या मुलीचे दिवस भरत आले होते. मे महिन्यात बाळंतपण. जबलपूर ते नागपूर सुमारे पावणेतीनशे किलोमीटर आणि पारा ४४ च्या आसपास. मागच्या मे महिन्यात याच रस्त्यावर, सिवनी ओलांडून कुरईच्या घाटात शिरताच एसीतून गरम वारा येऊ लागला होता. गॅस भरून तीन आठवडेही झाले नव्हते. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्या काकूंना घेरी आली. झाडाखाली गाडी थांबवून, मानेवर ओला टॉवेल ठेवून, मीठ-साखरेचे पाणी पाजल्यावर तासाभराने त्यांना हुशारी वाटली. त्याबद्दल काकूंनी पुढे चकार शब्द काढला नाही. यंदा मात्र त्या एवढेच म्हणाल्या, "मी आपली रेल्वेनेच जाईन."

"बाबा, विकून टाका ती गाडी," हे मुलाचे बोलणे काकांना लागले नव्हते. काकूंचे हे वाक्य मात्र लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांनी गाडीचे बॉनेट उघडले आणि काकूंना हाक मारली, "अगं, जरा येऊन बस. एसी लावल्यावर तुला काय काय जाणवतं, ते सांग."

"मोकळ्या रस्त्यावर बरं गार लागतं. मदनमहालच्या चौकात गाडी थांबली की कोमट. आणि पावसाळ्यात माझ्या पायाखालची चटई ओली होते, कुबट वास येतो."

"मग आधी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही विचारलंत कुठे?"

काका वरमले. पण तीन दुखण्यांपैकी दोन तिथेच सापडली. एसीची समोरची जाळी, म्हणजे कंडेन्सर, आतली उष्णता बाहेर टाकते. गाडी पळताना तिला वारा मिळतो, थांबल्यावर सगळी भिस्त पंख्यावर. त्या पंख्याचा जोड गंजला होता आणि जाळीत चिखल बसला होता. चटई ओली होण्याचे कारण आणखी साधे. आतल्या थंड कॉइलवर हवेतली वाफ धरते, तिचे पाणी एका नळीने रस्त्यावर पडते. ती नळी तुंबली होती.

तिसरे दुखणे गॅसचे. त्यासाठी काकांनी या खेपेस दुसरा मिस्त्री गाठला. पोरगेलासा मुलगा, पण पहिलेच वाक्य मोलाचे बोलला, "अंकल, गैस खतम नहीं होती, निकलती है."

खरेच आहे. पेट्रोल जळून संपते, एसीचा गॅस जळत नाही. तो बंद नळ्यांतून तोच तो फिरत राहतो. दर उन्हाळ्यात कमी होतो, म्हणजे कुठूनतरी गळतो. त्याच्याबरोबर कॉम्प्रेसरला वंगण देणारे तेलही बाहेर पडते, म्हणून गळतीच्या जागी तेलकट धूळ जमते. मिस्त्रीने नळ्यांत नायट्रोजनचा दाब भरला, जोडांवर साबणाचा फेस लावला. कंडेन्सरजवळच्या एका जोडावर बुडबुडे उठले. रबराची छोटी रिंग कडक होऊन चिरली होती. ती आणि ड्रायरची बाटली बदलली. पंपाने आतली हवा व ओलावा ओढून काढला, काटा स्थिर राहिला, तेव्हाच मोजून गॅस भरला.

ही गळती फक्त खिशाचीच नसते. जुन्या गाड्यांतला आर-१२ गॅस ओझोनचा थर विरळ करत होता, म्हणून १९८७ च्या मॉन्ट्रियल कराराने त्याला निरोप मिळाला. नंतर आलेला आर-१३४ए ओझोनला अपाय करत नाही, पण हवेत सुटला की कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून जास्त उष्णता धरून ठेवतो. कारण न शोधता दर वर्षी गॅस भरणे म्हणजे उन्हाळा आणखी तापवणेच.

ठरल्या दिवशी दोघे पहाटे पाचला निघाले. काका सारखे काकूंकडे बघत होते. सिवनी मागे पडली, कुरईचा घाट आला. बाहेर ऊन चढले होते. काकूंनी पदर अंगाभोवती लपेटून घेतला.

"बरं वाटत नाहीये का?" काकांनी घाबरून विचारले.

"छे हो! जरा कमी करा तो एसी. थंडी वाजतेय."