पहिली पंगत जिवाणूंची

मका निघाला की ताटं पेटवून द्यायची, ही आमच्याकडची जुनी रीत. बांधावरच्या बोरी करपायच्या, पण रान चार दिवसांत मोकळं. ज्या वर्षी मी पेटवणं सोडलं, त्या वर्षी रोटावेटरने ताटं बारीक करून मातीत मिसळली आणि आठवडाभरात वाफसा येताच गहू पेरला. उगवण देखणी झाली. एकविसाव्या दिवशी पाणी द्यायला गेलो, तर खालची पानं शेंड्याकडून पिवळी पडत चाललेली. शेजारी सोयाबीन निघालेल्या तुकड्यात तेच बियाणं, तेच खत, आणि गहू हिरवागार.

"पेटवलं असतंस तर?" वडील एवढंच म्हणाले.

खुरप्याने उकरून पाहिलं. ताटाचे तुकडे ओलसर, त्यांच्यावर बुरशीचे पांढरे तंतू. मक्याच्या ताटात नत्राच्या एका भागाला कार्बनचे पन्नास-साठ भाग असतात. कुजवणाऱ्या जिवाणूंना पंचविसाच्या आसपासचं प्रमाण मानवतं. कमी पडलेलं नत्र ते मातीतून उचलतात, मी पेरलेल्या खतातलंसुद्धा. ते वाया जात नाही, त्यांच्या अंगात अडकून राहतं. ते मेले की सुटतं, पण तोवर फुटवे फुटायचे दिवस निघून जातात. सोयाबीनच्या पाल्यात नत्र भरपूर, तिथे ओढाताणच नाही. वडिलांचंही खोटं नव्हतं: पेटवलं असतं तर त्या हंगामात गहू हिरवा राहिला असता. ताटातलं जवळजवळ सगळं नत्र मात्र धुरात गेलं असतं.

युरियाची गोणी ४५ किलोची, त्यात नत्र ४६ टक्के, म्हणजे जेमतेम २१ किलो. ते सगळं गव्हाच्या पोटात जातं, हा आपला गोड गैरसमज. नत्र-१५ या जड समस्थानिकाची खूण लावून शास्त्रज्ञ माग काढतात, तेव्हा बहुतेक वेळा निम्मंही पिकात सापडत नाही. पिकाने घेतलेल्या नत्राचा मोठा वाटा जमिनीच्या जुन्या साठ्यातला निघतो. आमच्या चुनखडीच्या काळ्या रानात युरिया वर फेकून पाणी लांबवलं, तर अमोनिया होऊन उडतो, ते वेगळंच.

पिवळ्या तुकड्याला मी अर्धी गोणी जादा दिली. रंग आठवड्यात परतला, ओंब्या मात्र विरळच राहिल्या.

ताटं गाडणार असाल तर जरूर गाडा. पण पाणी देऊन महिनाभर कुजू द्या, मगच पेरा. तेवढी सवड नसेल, तर पेरतानाच युरिया थोडा वाढवून द्या.