अ‍ॅशब्रुकवरचं शतक

संडरलंड हे फुटबॉलवेडं शहर. इथे क्रिकेटच्या आठवणी हळू आवाजात सांगितल्या जातात, आणि त्यांत १९५९ सालचं अ‍ॅशब्रुक मैदान हमखास येतं. दत्ता गायकवाडांचा भारतीय संघ त्या उन्हाळ्यात दौऱ्यावर होता. डरहॅम तेव्हा मायनर काउंटी, म्हणजे प्रथम श्रेणीच्या उंबऱ्याबाहेरचा संघ. त्या संघाकडून बर्नोपफील्डच्या सतरा वर्षांच्या कॉलिन मिलबर्ननं पाहुण्यांविरुद्ध १०१ धावा केल्या. (आपल्यासाठी त्या दौऱ्यात गोड असं थोडंच होतं, पाचही कसोट्या आपण हरलो.) पुढे मिलबर्न नॉर्दम्प्टनशायरकडे गेला आणि १९६६ मध्ये इंग्लंडसाठी पहिल्याच कसोटीत शून्य आणि ९४ करून बसला. तेव्हापासून अ‍ॅशब्रुकच्या शतकाला एक शेपूट चिकटलं: पोरगा मोठा होणार हे तेव्हाच दिसत होतं. माझी शंका या शेपटाबद्दल आहे. सांगणारा खोटं बोलतो असं मुळीच नाही. पण त्या आठवणीवर तारीख १९५९ ची असली तरी तिचा अर्थ १९६६ नंतर भरलेला असतो.

मराठी वाचकाला हे पटायला लांब जायला नको. १९८८ मध्ये आझाद मैदानावर शारदाश्रमच्या दोन मुलांनी ६६४ धावांची भागीदारी रचली. ती प्रत्यक्ष पाहिली म्हणणारे सगळे खरे मानले, तर त्या दिवसांत चर्चगेटच्या गाड्या रिकाम्याच धावल्या असतील. पण धावफलक नीट वाचा: कांबळी नाबाद ३४९, तेंडुलकर नाबाद ३२६. निव्वळ त्या कागदावरून भविष्य सांगायचं, तर बोट कुणाकडे दाखवाल? कांबळीच्या वाट्याला १७ कसोट्या आल्या, सचिनच्या २००. शिवाय मायनर काउंटीत शतक ठोकून पुढे बँकेत किंवा शाळेत नोकरीला लागलेले कितीतरी असणार. त्यांच्या शतकांची आठवण कुणी काढत नाही, म्हणून शतक आणि मोठेपण यांची जोडी आपल्याला पक्की वाटते. आणि बॉब टेलरचं काय? स्टॅफर्डशायर या मायनर काउंटीतून आलेला हा यष्टिरक्षक जगातल्या सर्वोत्तमांपैकी एक. पण इंग्लंडचा नेहमीचा यष्टिरक्षक अ‍ॅलन नॉट याच्यामुळे तो, एक कसोटी सोडली तर, तिशी उलटून बरीच वर्षं होईपर्यंत इंग्लंडच्या दाराबाहेर थांबला. यष्टिरक्षकाचा सुटलेला चेंडू लक्षात राहतो, अलगद धरलेला नाही. अशा खेळाडूचे सुरुवातीचे दिवस कुणाच्या गप्पांत येणार?

कुणी म्हणेल, मिलबर्नचं मोठेपण नॉर्दम्प्टनशायरला दिसलंच ना? दिसलं, मान्य. पण काउंटी दरवर्षी अनेक पोरांवर डाव लावते, त्यातले बरेच हरते आणि हरल्याची किंमत मोजते. आठवण सांगणाऱ्याच्या खिशातून काहीच जात नाही. याहून वजनदार आक्षेप असा, की जुन्या गप्पांना हिशेबाच्या वहीत कशाला धरायचं? कारण त्या गप्पांमुळे मायनर काउंटी म्हणजे पुढची गाडी येईपर्यंत बसायचा बाकडा ठरते. सिडनी बार्न्सनं तसं कधी मानलं नाही. २७ कसोट्यांत १८९ बळी घेणाऱ्या या गोलंदाजानं त्यातले बहुतेक घेतले ते स्टॅफर्डशायरचा खेळाडू असताना. आणि साठी ओलांडल्यावर, १९३५ पर्यंत, तो स्टॅफर्डशायरसाठीच चेंडू टाकत होता. डरहॅमनंही १९७३ मध्ये मायनर काउंटी असतानाच जिलेट कपमध्ये प्रथम श्रेणीच्या यॉर्कशायरला हरवलं. त्या विजयाला कुणा भावी ताऱ्याचा दाखला लागला नाही.

मिलबर्नला अखेर नऊच कसोट्या मिळाल्या. १९६९ च्या मार्चमध्ये त्यानं कराचीत १३९ धावा केल्या, मे महिन्यात मोटार अपघातात डावा डोळा गेला. हाच अपघात दहा वर्षं आधी, अ‍ॅशब्रुकवरून घरी परतताना झाला असता, तर १०१ तितकेच राहिले असते. भारतीय गोलंदाजीही तीच, मैदानही तेच. फक्त या शहरात आज ते कुणी सांगितलं नसतं.